पहिला नग घरात

सकाळी साडेनऊला जुनं प्लास्टिक वितळवून दाणा करणाऱ्या मशीनच्या तोंडातून धूर निघाला आणि अर्ध्या मिनिटात अख्खा कारखाना अंगणात आला. आत राहिले ते फक्त आप्पा.

त्यांचा थोरला मुलगा सगळ्यांच्या पुढे पळाला होता, हे त्याने नंतर कधीच कबूल केलं नाही. फाटकापाशी उभा राहून, डोळे चोळत तो माणसं मोजत होता. मशीनवाला खोकून खोकून वाकला होता, निवडणाऱ्या बायका तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. वास सगळ्यांच्या ओळखीचा होता, तिखट, घशात खिळा ठोकल्यासारखा. पीव्हीसीचा. पाइप, वायरची कव्हरं, चपलांचे तळवे यांचं ते प्लास्टिक. ड्रमच्या प्लास्टिकमध्ये त्याचे मूठभर तुकडे जरी गेले तरी मशीनच्या उष्णतेत ते जळतात आणि असा धूर सोडतात. या कारखान्यात असं शेवटचं घडलं तेव्हा थोरला शाळेत होता, आणि ज्याच्या हातून घडलं त्या माणसाला आप्पांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

"आप्पा कुठायत?" त्याने विचारलं.

"आत, मशीनपाशीच," मशीनवाला म्हणाला. "मी हाका मारल्या. हललेच नाहीत."

थोरला तोंडाला रुमाल बांधून आत गेला. आप्पा मशीनच्या तोंडाशी वाकून उभे होते. बाहेर पडणाऱ्या प्लास्टिकच्या दोऱ्यांवर तपकिरी रेघा उमटत होत्या, आणि ते त्यातली एक काडीने उचलून उजेडात धरून बघत होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"अरे, सगळे गेले कुठे?" ते म्हणाले. "आणि हा रंग का बिघडतोय बघ जरा."

थोरल्याने मशीन बंद केलं, त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं, नळाखाली तोंड धुवायला लावलं आणि डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बाकावर बसवलं. तोवर त्याच्या मनात एक शंका वळवळायला लागली होती. ती इतकी वाईट होती की मनातल्या मनात उच्चारायचीही त्याला भीती वाटत होती. बाकाखाली यंत्र पुसायचं फडकं पडलं होतं, डिझेलने चिंब झालेलं. ते त्याने उचलून आप्पांच्या नाकाशी धरलं.

"आप्पा, हे काय आहे?"

आप्पांनी छाती भरून श्वास घेतला. या श्वासाची बाजारात ख्याती होती. भंगारवाले आप्पांना आप्पा म्हणायचेच नाहीत, 'नाक' म्हणायचे. प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा काडीवर पेटवायचा, फुंकून विझवायचा आणि धूर हुंगायचा. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला की पिशव्यांचं नाहीतर ड्रमचं. त्यातच किंचित गोडसर झाक असली की बादल्या, खुर्च्या, डब्यांची झाकणं. केस जळल्यासारखा आला की टूथब्रशचे तंतू. काळी काजळी उडाली की थर्माकोल. एवढं तर कुणीही शिकेल, पण आप्पांना दहा वेळा धुतलेल्या ड्रमचा चुरा हुंगून त्यात पूर्वी काय भरलेलं होतं तेसुद्धा सांगता यायचं.

"ओला रुमाल आहे, दुसरं काय," आप्पा म्हणाले.

थोरल्याने फडकं खाली टाकलं. तो बाकावर त्यांच्या शेजारी बसला.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

आप्पांनी रुमाल काढला नाही. रुमालाआडूनच ते बोलले. "गेल्या वर्षीच्या तापापासून."

"अकरा महिने झाले त्याला."

"येईल परत असं वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, येतं परत कधी कधी." मग ते म्हणाले, "पण मी चुकलो नाही रे. नाकाशिवायही कळतं. वाकवून कळतं, नखाने ओरखडून कळतं, टाकल्यावर आवाज येतो त्यावरून कळतं. ड्रमचं तरंगतं, पीव्हीसी बुडतं. हौदात टाकलं की आपोआप वेगळं होतं."

"हौद परवापासून साफ करायला रिकामा केलाय."

"हो. म्हणून आज घोळ झाला. आजचाच."

थोरल्याला हे पटवून घ्यायला फार आवडलं असतं. पण हौदाला कळत नाही अशी एक गोष्ट होती आणि ती त्याला आठवली. ड्रम कशाचाही असो, पाण्यावर सारखाच तरंगतो.

"आप्पा," तो म्हणाला, "ते निळे ड्रम."

आप्पांनी रुमाल काढला. त्यांच्या लाल झालेल्या डोळ्यांत जे दिसलं त्यावरून थोरल्याला कळलं की गेले पाच आठवडे त्यांना झोप कशामुळे लागत नव्हती.

पाच आठवड्यांपूर्वी एकाच दिवशी दोन गाड्या आल्या होत्या. एकीत पातळ साबणाच्या कंपनीचे ड्रम, दुसरीत कीटकनाशकांच्या गोदामातले. दोन्ही निळे, दोन्ही एकाच मापाचे. फवारणीच्या औषधाचा ड्रम फक्त कुंड्यांसाठी, तोंडाला लागणारी वस्तू त्यातून नाही, हा आप्पांचा नियम तीस वर्षांचा. साबणाच्या ड्रमचं प्लास्टिकसुद्धा पिण्याच्या पाण्याच्या कॅनला वापरू नये असं एका सरकारी कागदावर लिहिलेलं होतं, पण तो कागद या कारखान्यात कुणी वाचलेला नव्हता. भंगारवाल्याने ड्रमांवर खडूने खुणा केल्या होत्या. धुताना त्या गेल्या. खडूकडे कुणी लक्षच दिलं नाही, नाक होतं ना.

"मग तुम्ही कसं ठरवलंत?"

"दोन्हीचा चुरा गरम पाण्यात टाकला. झाकण ठेवलं. नेहमीसारखं."

"आणि?"

"डावीकडचा साबणाचा, असं म्हणालो."

"म्हणालात."

"सगळे तोंडाकडे बघत होते. भंगारवाला, मशीनवाला. तूही होतास की."

तोही होता. 'आप्पा, लवकर सांगा, मशीन तापलंय,' असं तो स्वतःच म्हणाला होता. डाव्या ढिगातून पाण्याचे तेरा कॅन निघाले, तोटीवाले, वीस लिटरचे. बारा कॅन तीन आठवड्यांपूर्वी पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेत गेले.

आणि तेरावा, म्हणजे खरं तर पहिला, कुठे गेला हे आठवल्यावर थोरला बाकावरून उठला आणि घराकडे धावत सुटला.

•

कारखान्याच्या मागच्या दाराने चार पायऱ्या चढलं की घराचं स्वयंपाकघर. त्या घरात विकत आणलेली प्लास्टिकची वस्तू शोधून सापडली नसती. मोरीतली बादली, मग, कपड्यांचे चिमटे, साबणदाणी, कंगवे, पिठाच्या डब्यांची झाकणं, सगळे कारखान्यातले पहिले नग. सासूबाईंची, म्हणजे आप्पांच्या बायकोची, ती शिस्त होती. नव्या घाण्यातली पहिली वस्तू घरात वापरायची. जे आपल्या घरात चालणार नाही ते लोकांच्या घरात कोणत्या तोंडाने पाठवायचं, असं त्या म्हणायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली तरी ही शिस्त मोडायची कुणाची टाप नव्हती. लग्न होऊन आल्यावर धाकट्या सुनेला, धाकटीला, याची गंमत वाटली होती आणि पुढे अभिमानही वाटायला लागला होता.

आता ती ओट्यापाशी उभी होती. खांद्यावर तिची दहा महिन्यांची छकुली, आणि छकुलीच्या लाळेने भिजलेलं सकाळपासूनचं चौथं लाळेरं. दहा-बारा दिवस हे असंच चाललं होतं. दात येताहेत, असं सगळे म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाले. पण कालपासून छकुली नीट रडलीही नव्हती. तिला घाम येत होता आणि मान खांद्यावर टेकवून ती ओल्या कपड्यासारखी पडून होती. धाकटीने दुधाची पावडर बाटलीत घातली आणि बाटली कॅनच्या तोटीखाली धरली.

"बाटली खाली ठेव."

थोरला दारात होता. खाकरल्याशिवाय तो कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. आज तो धापा टाकत आत आला आणि त्याने तोटी बंद केली.

"काय झालं, दादा?"

त्याने सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, कॅनकडे बघत होता. मोरीपाशी भांडी घासणारी त्याची बायको, थोरली, हात तसेच साबणात ठेवून ऐकत राहिली. आप्पा पायऱ्या चढून आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. आत यायचा त्यांना धीर झाला नाही.

धाकटीने बाटली ओट्यावर ठेवली. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी सांगितलं होतं."

तिने कॅनकडे बोट केलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. याच्या पाण्याला लसणाचा वास येतो म्हणून. इथेच उभी राहून सांगितलं. तुम्ही सगळे हसलात. माझं नाक फार वरचं आहे म्हणालात."

"अगं, तेव्हा कुणाला काय माहीत," थोरला म्हणाला.

"मला माहीत होतं. मला वास येत होता." ती म्हणाली. "आणि तरी मी रोज भरलं. नखरेल म्हणू नये कुणी म्हणून. तीन आठवडे. माझ्या हाताने दिलंय मी तिला."

तिने फोन उचलला आणि नवऱ्याला लावला. धाकटा टेम्पो घेऊन माल पोचवायला गेला होता. तो पंधरा मिनिटांत पोचतो म्हणाला. मग तिने दवाखान्यात फोन केला. लाळ, घाम आणि ड्रम हे तीन शब्द ऐकल्यावर डॉक्टरांचा आवाजच बदलला. आत्ता घेऊन या, ते म्हणाले, आणि औषधाचं नाव घेऊन या. नाव फार महत्त्वाचं आहे.

•

थोरलीने भंगारवाल्याला स्वतः फोन लावला. एरवी ती कारखान्याच्या कामात लक्ष घालत नसे, तिला कुणी घालूही देत नसे. भंगारवाला आधी उडवाउडवी करायला लागला. "मुलगी मरायला टेकलीय आणि तुला नाव आठवत नाही?" ती म्हणाली, आणि ते बोलल्यावर तिने जीभ चावली, कारण धाकटी शेजारीच उभी होती. तिकडून एक लांबलचक नाव आलं. तिने ते कॅलेंडरच्या मागे अक्षर अक्षर विचारून लिहून घेतलं आणि तो कागद फाडून धाकटीच्या हातात दिला.

मग ती नवऱ्याकडे वळली. "शाळेत फोन करा."

"करतो," थोरला म्हणाला. "पण आधी खात्री करू या."

"कसली खात्री?"

"डावीकडचा ढीग साबणाचाही असू शकतो. आप्पांनी अंदाजाने सांगितलं, पण अंदाज बरोबरही येतो की. निम्मी शक्यता आहे. पोर दातांनीच आजारी असेल. आणि मी शाळेत सांगून बसलो तर उद्या फाटकाला सील लागेल. खाली अठरा माणसं आहेत."

"शाळेत किती आहेत?" धाकटीने विचारलं.

थोरल्याने फोन खिशातून काढला आणि परत ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता, आणि या घरात घाबरलेला माणूस नेहमीच खात्री करायला बघायचा. थोरलीने हे भावांच्या वाटणीची बोलणी झाली तेव्हाही पाहिलं होतं. तेव्हा ती त्याच्या बाजूने उभी राहिली होती.

"कुंडी," दारातून आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"उजव्या ढिगाच्या कुंड्या काढल्या. त्यातलाही पहिला नग घरातच आहे." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे निळी कुंडी होती, तिच्यात काहीच उगवलेलं नव्हतं. "एक साबणाचं आहे, एक औषधाचं. दोन्ही शेजारी शेजारी हुंगली की कळेल. गाडी यायला पंधरा मिनिटं आहेत, त्याला पाच पुरतात."

"मी पोरीला नेणारच आहे," धाकटी म्हणाली. "तुमच्या हुंगण्यातून काहीही निघो."

"ने. हे शाळेसाठी आहे." मग ते खाली बघत म्हणाले, "आणि हुंगायचं तुला आहे."

आप्पांनी कानस आणि सुरी मागवली. कॅनच्या मुठीचा आणि कुंडीच्या काठाचा कीस काढला. काम चोख होतं. दोन काचेच्या बरण्या, दोन्हीत सारखा कीस, सारखं उकळतं पाणी, वर झाकण. मग त्यांनी सगळ्यांना पाठ फिरवायला सांगितलं आणि थोरलीला म्हणाले, "तू बरण्या हलव. कुठली कुठे गेली ते तुलाच ठाऊक पाहिजे. हिने आधी ठरवलंय तेच हुंगलं, असं कुणी म्हणायला नको."

शंभर आकडे मोजायचे होते. आप्पा तोंडाने मोजत होते. थोरलीने बरण्यांची अदलाबदल केली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. चाळीसच्या सुमारास तिला ते जास्त वेळ पोटात ठेवता येईना.

"तो वास मलाही आला होता," ती म्हणाली.

आप्पा मोजायचे थांबले.

"त्या दिवशी मी लसूण सोलला होता. ही म्हणाली पाण्याला लसणाचा वास येतो, तर मला वाटलं मला टोमणा मारतेय, हात न धुता कॅन भरला म्हणून. मला राग आला. म्हटलं, माझ्या हाताचाच असेल वास, धुवून घे. दुसऱ्या दिवशी लसूण सोलला नव्हता. तरीही आला. मग मात्र मी मूग गिळून बसले. म्हटलं, आप्पांनी पास केलंय." तिने ओले हात पुसले आणि ते पुसून झाले तरी पुसतच राहिली. "मी तेव्हा तुझ्याकडून बोलले असते तर तो कॅन त्याच दिवशी बाहेर गेला असता."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ओरडावं, बोलावं, असं तिला काहीच वाटलं नाही. छकुलीची लाळ तिच्या मानेवरून खाली ओघळत होती.

"मोजा, आप्पा," ती म्हणाली.

"एक्केचाळीस," आप्पा म्हणाले.

शंभर झाल्यावर धाकटीने छकुलीला थोरलीकडे दिलं. पहिल्या बरणीचं झाकण काढून ती वाकली. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा होता, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"फुलांसारखा," ती म्हणाली. "कपडे धुतल्यावर येतो तसा. अगदी थोडा आहे."

"साबण," आप्पा पुटपुटले.

आता ही बरणी कॅनची असली तर सगळं निभावलं. ही बरणी कॅनची असू दे, एवढंच थोरल्याच्या मनात होतं. ती कुठली बरणी आहे हे फक्त थोरलीला माहीत होतं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

धाकटीने दुसरं झाकण उचललं. तिला वाकावंही लागलं नाही. तिने झाकण लगेच परत ठेवलं, तोंडावर हात दाबला आणि मागे सरकली.

"लसूण," ती म्हणाली.

थोरलीने मान हलवली. "हा कॅन आहे."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. धाकटा फाटकातूनच हाका मारत होता. थोरलीने छकुलीला सोडलं नाही. तशीच तिला उराशी धरून ती पायऱ्या उतरायला लागली. "मी येते," ती म्हणाली, "वाटेत धरायला दोघी लागतील." धाकटीने नावाचा कागद मुठीत आवळला आणि तिच्या मागे धावली. त्या घरात आल्यापासून त्या दोघी एका गाडीत बसल्या असं पहिल्यांदाच घडत होतं.

थोरल्याने शाळेचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. परत लावला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहाला दहा मिनिटं कमी होती.

"साडेदहाला त्यांची सुट्टी होते," आप्पा म्हणाले. रोज या वेळेला पोरांचा गलका कारखान्यापर्यंत ऐकू यायचा. "स्कूटर काढ."

"मी जातो. तुम्ही बसा. तुमचे डोळे बघा काय झालेत."

"पास मी केलंय," आप्पा म्हणाले.

•

स्कूटरवर थोरल्याला घट्ट धरून बसलेल्या आप्पांना वाटेतलं सगळं दिसत होतं आणि कशाचाच वास येत नव्हता. बेकरी, पेट्रोल पंप, गटाराची खोदाई. अकरा महिने जग असं काचेपलीकडे होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते कुणाला तरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या आठवड्यात सांगणं जास्त अवघड झालं. मग रोज सकाळी ते काडी पेटवायचे, छाती भरून श्वास घ्यायचे, थोडं थांबायचे आणि काहीतरी म्हणायचे. लोक मान डोलवायचे. लोकांनी मान डोलवली की त्यांनाही क्षणभर वास आल्यासारखं वाटायचं. छकुलीला मांडीवर घेऊन तिच्या टाळूचा वास हुंगल्याचं सोंगसुद्धा त्यांनी केलं होतं.

शाळेच्या फाटकात शिरताना घंटा झाली. दारं उघडली आणि पोरं बाहेर लोटली. व्हरांड्यात लांब बाकावर निळे कॅन ओळीने मांडलेले होते, आणि त्या प्रत्येकापुढे बघता बघता रांग लागली. हातात पेले, बाटल्या. थोरला स्कूटर आडवी टाकून ऑफिसकडे धावला. आप्पांना धावता येत नव्हतं. ते जमेल तेवढं झपझप चालत पहिल्या कॅनपाशी पोचले आणि तोटीखाली आलेल्या पेल्यावर त्यांनी आपला पंजा ठेवला. पाणी त्यांच्या बोटांवरून जमिनीवर सांडलं.

"आजोबा, काय करताय?" पेलेवाली मुलगी म्हणाली. आठ-नऊ वर्षांची असेल, एक वेणी सुटलेली.

"पिऊ नका. कुणीच पिऊ नका. पेले खाली ठेवा."

त्यांचा आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. रांगा थबकल्या. एक बाई लगबगीने आल्या. "कोण तुम्ही? मुलांना घाबरवताय का?"

"मी कॅन बनवणारा. यात दोष आहे. तोट्या बंद करा, बाई. सगळ्या."

बाईंनी त्यांच्या लाल डोळ्यांकडे संशयाने पाहिलं. तेवढ्यात थोरला मुख्याध्यापिकेला घेऊन आला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला होता, म्हणजे त्याने सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. त्यांनी काही न विचारता स्वतः पुढे होऊन एकेक तोटी बंद करायला सुरुवात केली. बाईही लागल्या. आप्पा मागोमाग चालत कॅन मोजत गेले. बारा भरले.

"गेल्या काही दिवसांत कुणाला उलट्या, लाळ, घाम?" थोरला विचारत होता. मुख्याध्यापिका रजेवर असलेल्या मुलांची नावं आठवत होत्या. चार आठवली, मग पाचवं. थोरल्याने तिथेच दवाखान्याला फोन लावायला मोबाइल काढला, तर तो त्याच्या हातातच वाजला.

थोरलीचा होता. त्याने ऐकलं आणि फोन आप्पांच्या कानाला लावला.

"...नाव वाचलं आणि लगेच सुई दिली," थोरली सांगत होती. "नाव नसतं तर दातांचंच औषध देत बसलो असतो म्हणाले. अजून धोका टळला असं म्हणत नाहीत. रात्रभर ठेवणार आहेत. त्या शाळेतल्या ज्यांना त्रास होतोय त्यांना लगेच पाठवा म्हणालेत, त्यांनी खाटा रिकाम्या करायला घेतल्यात. आप्पा, ऐकताय ना? हे ऐका."

तिने फोन कुठेतरी धरला असावा. तिकडून छकुलीचं रडणं आलं. बारीक, चिरकं, चिडलेलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच नीट रडत होती. आप्पा ते कान देऊन ऐकत राहिले. व्हरांड्याच्या कठड्याला धरून ते तिथेच खाली बसले.

मुख्याध्यापिका त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावलेल्या होत्या, आणि त्यांनी रागावायलाच हवं होतं. "हे कॅन पाठवण्याआधी कुणीतरी तपासले असतील ना? कुणी तपासले?"

थोरला काहीतरी बोलायला पुढे झाला. आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मी," ते म्हणाले. "हुंगून तपासतो मी. आणि मला वास येत नाही. अकरा महिने झाले. मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं."

बारा कॅन ओळीने उभे होते, त्यांच्याखाली पाणी साचलं होतं आणि पोरं ते टाळून उभी होती. वेणी सुटलेली मुलगी रिकामा पेला हातात धरून अजून तिथेच होती.

"आम्हाला येतो," ती म्हणाली. "लसणाचा. रोज येतो. आम्ही बाईंना सांगितलं होतं, बाई म्हणाल्या, तुमच्याच डब्यांचा असेल."

बाईंनी मान खाली घातली. आप्पा त्या मुलीकडे बघत राहिले.

"मग आम्हाला विचारायचं ना," ती म्हणाली.